दाखला हातात दिल्यानंतर...

(शालेय शिस्त आणि समाजाचे दायित्व या विषयावर नागपूर येथे शिक्षक, पालक व संस्थाचालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शालेय शिस्त हा विषय आला की वक्ता बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर छडी गेली आणि तिच्याबरोबर विद्याही गेली म्हणून तो हळहळतो, नाही तर बालहक्कांची कलमे वाचून दाखवतो. या दोन्ही वाटा आपल्या परिचयाच्या आहेत आणि दोन्हींवरून चालून आपण फारसे कोठे पोहोचलेलो नाही. म्हणून आज मी एक अगदी साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. शाळेने ज्याला शिक्षा केली, ज्याला पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेवले, ज्याच्या वडिलांना बोलावून 'दाखला घेऊन जा' असे सांगितले, त्या मुलाचे पुढे काय होते? त्याच्याकडे कोणी पाहायचे, आणि पाहायचे तर त्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा?

हा प्रश्न परकीय पुस्तकांतून आलेला नाही. आपल्या देशात, आपल्या विदर्भात, याच नागपुरात तो एकदा फार तीव्रतेने उभा राहिला होता आणि त्या वेळच्या समाजाने त्याला उत्तरही दिले होते. त्या उत्तरापासूनच मी प्रारंभ करतो.

शिक्षा झालेल्यांच्या पाठीशी उभा राहिलेला समाज

१९०५ साली वंगभंगाच्या विरोधात बंगाल पेटून उठला. शाळा-महाविद्यालयांतील मुले सभांना जाऊ लागली, 'वंदे मातरम्' म्हणू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने कार्लाईल परिपत्रक काढले. मुलांना आवरा, नाही तर तुमचे अनुदान, तुमच्या शिष्यवृत्त्या आणि तुमची मान्यता काढून घेऊ, असा त्याचा मथितार्थ होता. रंगपूरच्या सरकारी शाळेतील मुलांना दंड झाला. पालकांनी तो भरण्याचे नाकारले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच तेथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली. कलकत्त्यात शाळांतून काढलेल्या मुलांना आधार देण्यासाठी 'अँटी सर्क्युलर सोसायटी' स्थापन झाली. सुबोधचंद्र मल्लिक यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी एक लाख रुपये दिले आणि लोकांनी त्यांना 'राजा' ही पदवी बहाल केली. ब्रजेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी पाच लाखांचे दान दिले. १९०५ सालचे पाच लाख! त्यातूनच १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली. श्री अरविंद तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्याच रोपट्याचे पुढे १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ झाले.

म्हणजे पाहा, एका मोठ्या विद्यापीठाचे मूळ शाळेतून काढून टाकलेल्या मुलांच्या चिंतेत आहे.

महाराष्ट्रात काय घडले? १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. लोकमान्यांनी 'केसरी'त 'हे आमचे गुरूच नव्हेत' असा खणखणीत अग्रलेख लिहिला. पुढे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी लोकांच्या वर्गणीवर समर्थ विद्यालय चालवले. तळेगावचे ते विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडले, हेच त्याच्या सामर्थ्याचे प्रमाणपत्र होय.

आणि आपले नागपूर? १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागावर सर्वत्र करडी नजर बसली. त्या काळात नील सिटी हायस्कूलमध्ये शालेय तपासनीस आले असता प्रत्येक वर्गातून 'वंदे मातरम्'चा घोष उठला. शाळा बंद राहिली, समेट झाला, बहुतेक मुले परतली. ज्याने माघार घेतली नाही तो विद्यार्थी म्हणजे केशव बळीराम हेडगेवार. पुढे डॉक्टरजी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते त्या दिवशी शाळेच्या दप्तरी केवळ एक बेशिस्त विद्यार्थी होते. त्यांना यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत आसरा मिळाला. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांनी चालवलेली ती शाळाही सरकारने टिकू दिली नाही. पण तोवर धागा जोडला गेला होता. बंगालच्या त्याच राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा देऊन केशवराव १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला गेले. कलकत्त्यातील दानशूरांचा पैसा, यवतमाळातील एका तपस्व्याचे श्रम आणि नागपुरातील थोरामोठ्यांचे पाठबळ या तीन गोष्टी जुळल्या नसत्या, तर शाळेतून बाहेर पडलेल्या त्या गरीब घरच्या मुलाच्या शिक्षणाचे काय झाले असते, याचा विचार आपण करावा.

दुसरा प्रसंग १९३८ चा आहे आणि तो तर नागपूरच्या शैक्षणिक इतिहासातील मानाचे पान आहे. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. मुलांनी ती मानली नाही. हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत आंदोलन पसरले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली. शिक्षण अर्धवट, परीक्षा तोंडावर, आणि दार बंद. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला. टी. जे. केदार त्या वेळी कुलगुरू होते. काम सोपे नव्हते. उस्मानियाचे माध्यम उर्दू, नागपूरचे इंग्रजी. अभ्यासक्रम वेगळा, गाव परके. परंतु 'तुम्हाला तुमच्या संस्थेने काढले, तेव्हा तुमची वर्तणूक संशयास्पद आहे' असे या विद्यापीठाने म्हटले नाही. त्या आंदोलनात बडतर्फ होऊन नागपूरला शिकायला आलेला एक तरुण पुढे १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव आपण जाणताच. याच रामटेकने त्यांना १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेत पाठवले.

'वंदे मातरम्'च्या १५० व्या वर्षाचा सोहळा ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाला. त्यानिमित्त आपण ते गीत म्हटले, व्याख्याने झाली, रांगोळ्या निघाल्या. परंतु त्या गीतासाठी ज्यांनी शाळा गमावली त्यांना पुन्हा शाळा मिळवून देणारा समाजही त्या इतिहासाचाच भाग आहे. तो भाग आपण सहसा सांगत नाही.

'ती मुले वेगळी होती'

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात आलेला आक्षेप मीच मांडतो. ती मुले देशासाठी शिक्षा भोगत होती. आजचा मुलगा शिक्षा भोगतो तो बाक मोडला म्हणून, शिक्षकांना उलट बोलला म्हणून, दप्तरात मोबाईल सापडला म्हणून, खर्रा खाऊन वर्गात आला म्हणून. या दोघांची तुलना कशी करता? बाबासाहेब परांजप्यांचे नाव घेऊन तुम्ही टवाळांची वकिली करता काय?

आक्षेप रास्त आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही. दोन्ही मुलांचे कर्म सारखे नाही, हे मी मान्य करतो. देशभक्ताला शिक्षा होणे हा अन्याय होता. बाक मोडणाऱ्याला समज मिळणे हा न्याय आहे. बाक मोडणाऱ्याला हार घाला, असे मी म्हणत नाही. परंतु शिक्षेनंतरची अवस्था मात्र दोघांची सारखीच असते. शाळा सुटली, सोबती सुटले, घरात अवहेलना सुरू झाली, दिवस मोकळा पडला. किंबहुना आजच्या मुलाची अवस्था अधिक बिकट आहे. १९०८ च्या मुलाच्या पाठीशी ध्येय होते, गावाचे कौतुक होते. आजच्या मुलाच्या पाठीशी कोणीही नाही. ज्याला काढताना सारा गाव हळहळला त्याला आधार देणे तुलनेने सोपे असते. ज्याला काढल्यावर सारी शाळा सुटकेचा निःश्वास टाकते, त्याला आधार देण्यातच समाजाची खरी कसोटी लागते.

आणि त्या मोकळ्या दिवसाकडे कोणाचे लक्ष नसते, असे समजू नका. पानठेल्यावरचा कट्टा, रेतीचा ट्रक चालवणारा 'भाऊ', सट्टा लावणारा, गांजा विकणारा हे सर्व त्या मुलाची वाटच पाहत असतात. नागपूरच्या वृत्तपत्रांतील गुन्हेविषयक पान मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, कधी काळी लिहीतही आलो आहे. अल्पवयीन आरोपीची बातमी आली की वय छापले जाते, वस्ती छापली जाते. त्याची शाळा केव्हा सुटली आणि ती कोणी सोडवली, हे मात्र कोणी विचारत नाही.

काठी गेली, जागा रिकामी राहिली

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली. सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास बंदी घातली. २०१९ मध्ये त्या कलमात नापास करण्यासंबंधी बदल झाला. शाळेतून काढण्यावरची बंदी कायम आहे.

या मनाईची आवश्यकता होती काय? निश्चितच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आल्याबद्दल सहावीच्या एका मुलीला उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तेव्हा जुन्या छडीच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी त्या आईवडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. आपल्या परंपरेचा दाखला देतानाही आपण तो पूर्ण देत नाही. पाच वर्षे लाड करावेत, पुढे दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असे सांगणारे सुभाषित आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यातील 'ताडन' आपण नेमके लक्षात ठेवले आणि 'मित्र' सोयीने विसरलो. शाळेतील सर्वाधिक तंटे तर चौदा ते सोळा या वयातील मुलांशीच होतात!

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक मला म्हणाले होते, "सरकारने माझ्या हातातली काठी काढून घेतली, याची मला तक्रार नाही. ती मी आधीच टाकली होती. पण तिच्या जागी हातात काहीच दिले नाही, ही तक्रार आहे." या वाक्यात सारा प्रश्न सामावला आहे. साठ मुलांचा वर्ग आहे. एक मुलगा रोज तास मोडतो. शिक्षकाने त्याला मारायचे नाही, काढायचे नाही, ओरडायचे नाही. उत्तम. मग करायचे काय? त्याच्याशी तासभर बोलायला वेळ कोणाकडे आहे? बोलण्याचे शिक्षण कोणाला मिळाले आहे? शिक्षकाकडे निवडणुकीचे काम आहे, सर्वेक्षणे आहेत, ऑनलाईन माहिती भरणे आहे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शाळांतील शिपायांची नियमित पदेही जाऊन त्यांच्या जागी भत्ता आला. कोणता मुलगा कोणत्या भिंतीवरून उडी मारतो आणि कोणाच्या घरी बाप पिऊन येतो, हे शाळेत सर्वांत आधी ठाऊक असणारा माणूस तो शिपाईच होता.

मनाई करण्यास पैसा लागत नाही. पर्याय देण्यास लागतो. आपण मनाई केली आणि पर्यायाचे बिल मात्र शिक्षकाच्या नावे फाडले.

नववीची भिंत

या प्रश्नाचे सर्वांत दुखरे स्थान नववी इयत्ता आहे. आठवीपर्यंत कायद्याचे छत्र आहे. नववीत पाऊल टाकताच ते संपते. पुढच्या वर्षी दहावी असते, आणि दहावीचा निकाल म्हणजे शाळेची अब्रू. शंभर टक्के निकालाचा फलक चौकात लावायचा असतो. मग जो मुलगा अभ्यासात कच्चा आहे आणि वर्तनातही त्रासदायक आहे, तो दोन्ही बाजूंनी नकोसा होतो. त्याच्या वडिलांना बोलावले जाते. भाषा सौम्य असते: "आमच्याकडे त्याचे नुकसान होईल. दाखला घेऊन जा, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा." कागदावर पालकाच्या विनंतीवरून दाखला दिलेला असतो. कोणीही कोणाला काढलेले नसते. म्हणून ही संख्या कोणत्याही अहवालात येत नाही.

लोकमान्यांच्या शेंगांच्या टरफलांची आख्यायिका आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. परंतु आज नववीतल्या एखाद्या मुलाने शिक्षकांना असे बाणेदार उत्तर दिले, तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची काही रीत आपल्या शाळेत आहे काय? की ते उत्तरच त्याच्या दाखल्याचे कारण ठरेल? हा प्रश्न प्रत्येक संस्थाचालकाने स्वतःस विचारावा.

काही मुलांच्या बाबतीत तर आरोप आधी ठरलेला असतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मनातला गेला नाही. वर्गात पेन हरवले की पारध्याच्या मुलाचे दप्तर आधी तपासले जाते. ते मूल चार दिवस सहन करते, पाचव्या दिवशी शाळेत येत नाही. शाळेच्या लेखी ते 'अनियमित' होते. अशा मुलांसाठी यमगरवाडीला १९९० च्या दशकात काम उभे राहिले. त्यामागचे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही शाळा उभारली. आणि आपल्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांच्या पायात फुटबॉल दिला. ज्यांना शाळा 'वाया गेलेली' म्हणत होत्या, ती मुले मैदानावर वेळेवर येऊ लागली, नियम पाळू लागली, हार पचवू लागली. शिस्त हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ नेम, रोख असा आहे. नेम धरायचा तर समोर काही लक्ष्य असावे लागते. या मंडळींनी मुलांना आधी लक्ष्य दिले. शिस्त मागाहून आली.

ही कामे थोर आहेत. परंतु एखाद्या प्रभुण्यांच्या, एखाद्या बारसे सरांच्या आयुष्याच्या होमावर सगळ्या महाराष्ट्राची व्यवस्था चालेल, अशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

हिशेब पैशाचा

आता पैशाविषयी. आपल्याकडे सेवेविषयी भरभरून बोलले जाते आणि हिशेब निघाला की सभागृह शांत होते. म्हणून तो स्पष्टच मांडतो.

हा विचार नवा नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची आहे. आपल्या मध्यप्रांताने मुलांविषयीचा कायदा १९२८ मध्ये केला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये सुरू केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांना आणि शाळासंकुलांना समुपदेशक व प्रशिक्षित समाजकार्यकर्ते जोडण्याची भाषा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, १,७६४ होता. त्यामागची कारणे अनेक आहेत. पण मुलाचे ऐकून घेणारा कोणी शाळेत नव्हता, हे त्यांतील कितींच्या बाबतीत खरे असेल?

धोरण आहे, न्यायालयाचा निर्देश आहे. परंतु अनुदानित मराठी शाळेची संचमान्यता हातात घ्या. मुख्याध्यापक आहेत, शिक्षक आहेत, लिपिक आहे. समुपदेशकाचा रकाना शोधून सापडणार नाही. वेतनेतर अनुदानातून खडू-फळ्याचा आणि विजेचा खर्च भागवतानाच संस्थांची दमछाक होते. भरमसाट शुल्क घेणारी खासगी शाळा समुपदेशक नेमू शकते आणि नेमते. म्हणजे श्रीमंताच्या बंडखोर मुलाला समुपदेशन मिळते आणि गरिबाच्या बंडखोर मुलाला दाखला मिळतो.

एक गणित मांडून पाहू. हे केवळ उदाहरण आहे. शेजारच्या पाच शाळांना मिळून एक समुपदेशक दिला. प्रत्येक शाळेत सहाशे मुले धरली तर तीन हजार मुले झाली. महिन्याला तीस हजार रुपये मानधन धरले तर दर मुलामागे महिन्याचा खर्च दहा रुपये पडतो. दोन समुपदेशक दिले तर वीस रुपये. आता दुसरी बाजू पाहा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत कठीण परिस्थितीतील एका मुलाला कुटुंबातच सांभाळण्यासाठी महिना चार हजार रुपये साहाय्य ठरले आहे. ते योग्यच आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या एका मुलाच्या रकमेत, आपल्या पहिल्या हिशेबाने, चारशे मुलांचा महिना निघतो. आणि मुलगा निरीक्षणगृहापर्यंत पोहोचला, की इमारत, कर्मचारी, पहारा, बाल न्याय मंडळ, पोलीस हे सर्व आलेच. तो खर्च सरकार निमूटपणे करते, कारण तेव्हा तो टाळता येत नाही. जो टाळता येतो त्याच टप्प्यावर आपण हात आखडता घेतो. गळक्या कौलाला दोन रुपये न देता भिंत पडल्यावर दोनशे खर्चण्याचा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, अभ्यासू मुलांसाठी पैसा नाही आणि टवाळांसाठी कसला मागता? उत्तर सोपे आहे. एक बेभान मुलगा रोज दहा मिनिटे वर्ग मोडतो, तेव्हा ती दहा मिनिटे उरलेल्या एकोणसाठ मुलांचीच जातात. त्या मुलाकडे लक्ष देणे हे त्या एकोणसाठांचेही काम आहे.

परदेशांचे अनुभवही बोलके आहेत. अमेरिकेत १९९४ नंतर शाळांत कठोर शिक्षेची लाट आली. बंदुकीसाठी केलेला नियम बघता बघता किरकोळ खोड्यांवरही चालू लागला आणि शाळेतून काढलेली मुले न्यायालयांत दिसू लागली. उलट इंग्लंडमध्ये मुलाला शाळेतून कायमचे काढता येते, परंतु सहाव्या दिवसापासून त्याच्या पूर्णवेळ शिक्षणाची सोय करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. आपण त्यांचे सारे अनुकरण करावे असे नाही. पण शिक्षा हा शिक्षणाचा शेवट नव्हे, ही गोष्ट तेथे कायद्यात लिहिलेली आहे. 'शिष्य' आणि 'शासन' हे दोन्ही शब्द ज्या एकाच 'शास्' धातूपासून आले, त्या भाषेच्या वारसदारांना ती कोणी शिकवण्याची गरज पडू नये.

आपण काय करू शकतो?

सरकारकडे तीन मागण्या कराव्यात. पहिली, प्रत्येक केंद्रातील शाळांना मिळून समुपदेशकाचे नियमित पद आणि त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद. सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या माणसाला मुले मन उघडून दाखवत नाहीत. दुसरी, नववी-दहावीतील मुलाचा दाखला पालकाच्या अर्जावरून देतानाही मुलाचे म्हणणे लेखी नोंदवणे आणि तो पुढे कोठे दाखल झाला याची खात्री करणे हे शाळा व शिक्षण विभाग यांवर बंधनकारक करावे. तिसरी, या पैशाचा जाहीर हिशेब. किती मुले सांभाळली, किती परत वर्गात बसली, किती सुटली, हे पालकांसमोर वाचून दाखवावे. सार्वजनिक पैसा मागणाऱ्याने सार्वजनिक उत्तरही दिले पाहिजे. सेवेच्या नावाखाली अनुदान जिरवणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

परंतु सर्व काही सरकारवर सोपवून आपण मोकळे होणार असू, तर परांजप्यांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. नागपुरात मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय आहे, तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. संस्थाचालकांनी पुढे होऊन त्यांना आपल्या शाळांत बोलवावे. या सभागृहात निवृत्त शिक्षक बसले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. एका मुलासाठी आठवड्यातले दोन तास, एवढेच मागतो. त्याचे गणित घ्या, त्याच्याबरोबर मैदानावर जा, त्याच्या वडिलांशी बोला. उपदेश कमी करा, ऐका अधिक. आणि शाळेने वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला घरी पाठवण्याऐवजी शाळेतच ग्रंथालयात, कार्यशाळेत, बागेत कोणाच्या तरी देखरेखीखाली काम द्या. शिक्षा व्हावी, पण ती आपल्या डोळ्यांसमोर व्हावी, पानठेल्यावर नव्हे.

पालकांनाही एक विनंती आहे. आपले मूल शांत आहे, म्हणून शेजारच्या वर्गातील वांड मुलाला काढा, असा आग्रह पालकसभेत आपणच धरतो. शाळा आपल्या दबावाखाली झुकते. तो मुलगा शाळेतून गेला तरी गावातून जात नाही. तो आपल्याच चौकात, आपल्याच मुलाच्या वाटेवर उभा असतो. त्याला वर्गात ठेवून सांभाळणे आणि चौकात मोकळे सोडणे, यांत आपल्या मुलाच्या हिताचे काय, हे शांतपणे ठरवावे.

बंधू-भगिनींनो, १९०८ मध्ये यवतमाळला पोहोचलेला तो विद्यार्थी पुढे कोण होणार, हे परांजप्यांना ठाऊक नव्हते. १९३८ मध्ये प्रवेशअर्जांचा गठ्ठा पुढे आला, तेव्हा त्यांत कोणाचे नाव आहे, हे विद्यापीठालाही ठाऊक नव्हते. त्यांनी भविष्य पाहून दार उघडले नाही. दाराशी मूल उभे आहे, एवढेच पाहिले. आपल्या दाराशी आज उभा असलेला मुलगा कदाचित कोणीही मोठा होणार नाही. तो एखादा चांगला वायरमन होईल, रिक्षा चालवील, वेळेवर घरी जाईल, आपल्या मुलांना शाळेत पाठवील. समाजाला एवढे पुरते. त्यासाठी महिन्याला दहा रुपयांची तरतूद जर महाराष्ट्रासारख्या राज्याला जड जात असेल, तर ती जड का जाते, हे विचारण्याचे काम आपले आहे. पुढच्या अधिवेशनाला आपले लोकप्रतिनिधी विधानभवनात येतील, तेव्हा त्यांना हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.